रान कोणाचे?

बिदर-कलबुर्गीच्या माळरानावर काळविटाची शिकार निषिद्ध झाली, हे योग्यच झाले. आमचा आक्षेप आहे तो पंक्तिप्रपंचाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची वाट ठेवली होती. ती १९९१च्या दुरुस्तीने बुजली. फी भरून अर्ज करणाऱ्या हौशी बंदूकवाल्यास ती वाट सोयीची होती. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या फासेपारध्यास नव्हे. त्याच्या वाट्यास खटलाच यायचा.

२००६च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. परंतु त्याच कायद्याने गौण वनोपजाचा आणि भटक्या समाजांचा हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. हा कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. म्हणजेच २०११ साली अभयारण्य झालेल्या चिंचोळीच्या रानालाही. मग ‘शिकारी’ म्हणून पारध्यास हाकलताना ‘भटका’ म्हणून असलेला त्याचा हक्क कोणत्या न्यायाने बुडवायचा?

‘पारधी रानात शिरला की फास लागणारच’, असे काही मंडळी म्हणतात. उपाशी ठेवले तर लागेलच! ज्याला काळविटाचा माग कळतो, त्याच्याइतका जाणता राखणदार कोणता? त्याला पगारी वनरक्षक नेमा, वनोपजाचा हक्क लेखी द्या. त्यानंतर फास सापडला तर खुशाल शिक्षा करा. आम्ही आयुष्य सरकारी दप्तरात काढले. म्हणूनच सांगतो, मनाईचा हुकूम काढणे सोपे असते, पोटाची सोय लावणे हेच खरे प्रशासन.