पूल होईपर्यंत

ज्या जिल्ह्याला समुद्र नाही तेथल्या स्तंभलेखकाने सडका आणि एस. टी. सोडून नावेविषयी लिहावे, हा काही वाचकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु नगर जिल्ह्याची सरहद्द ईशान्येस गोदावरीने आणि दक्षिणेस भीमेने आखलेली आहे, आणि टोक्यापाशी गोदावरी उतरणारा वाटसरू ब्रिटिश अमदानीत एका नावेच्या खेपेत मुंबई इलाखा सोडून निजामाच्या मुलखात पाऊल ठेवीत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना विषय परका वाटू नये. तरींसाठी, म्हणजे नदी उतरविणाऱ्या अशा नावांसाठी, मुंबई इलाख्यात १८६८ साली स्वतंत्र कायदा झाला. तरीच्या उत्पन्नाचा मक्ता लिलावाने द्यावा, मक्तेदाराने नाव राखावी आणि ठरल्या दराने उतारू पलीकडे न्यावेत, अशी ती वहिवाट होती. मक्तेदार लबाडी करीत नसत असे मी म्हणणार नाही. पण नाव म्हणजे रस्त्याचाच तुकडा आहे, एवढे त्या काळच्या दप्तराला मान्य होते.

आज ते मान्य नाही. सिद्धटेकचे उदाहरण घ्या. अष्टविनायकांपैकी आपल्या जिल्ह्यातले हे एकच स्थान, आणि ज्या अहिल्याबाईंचे नाव आता जिल्ह्याला मिळाले आहे त्यांनीच तेथील मंदिर बांधविले. दौंडकडून येणारा यात्रेकरू शिरापूरला उतरून नावेने भीमा ओलांडी व देवळाच्या घाटाला लागे. पूल झाला, नाव गेली, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. तक्रार निराळी आहे. जेथे पूल झालेला नाही तेथेही नावेकडे ‘पूल होईपर्यंतची तजवीज’ म्हणूनच पाहिले जाते. आणि जी वस्तू तात्पुरती ठरली तिची डागडुजी, तिची तपासणी व तिच्यावरच्या माणसांचा पगार या गोष्टी कोणाच्याच टिपणीत येत नाहीत. त्याच भीमेच्या काठाने कर्जत ओलांडून करमाळ्यात शिरले की उजनीचे पाणी लागते. तेथे कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. धरणाने जुने रस्ते पोटात घेतले, पलीकडची शेती, बाजार आणि सोयरिकी मात्र जागच्या जागी राहिल्या. मग माणसे पाण्यावरून जाणार नाहीत तर कोठून जातील?

नाव हा रस्ता मानल्यावर काय होते हे पाहावयाचे असेल तर दाभोळच्या धक्क्यावर तासभर उभे राहावे. तेथून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला मोटारी नेणारी फेरीबोट २००३ पासून चालते. तिकडची मंडळी तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. पाण्यावरचा प्रवास म्हणावा तर काही मिनिटांचा, आणि उतारूंना तेवढाच दिसतो. परंतु खरे काम धक्क्याशी चालते. बोट लागली तरी यंत्र बंद होत नाही, उतरत्या फरशीवर तोंड दाबून धरण्यासाठी ते घुमतच राहते. पुढची लोखंडी फळी खाली पडते, आणि ओहोटी असली म्हणजे जी फरशी उघडी पडते ती इतकी निसरडी असते की ट्रकचे मागचे चाक जागेवर फिरू लागते. तेवढ्यात एक खलाशी पंजा उभा करून ड्रायव्हरला थोपवितो, दुसरा बोटाच्या इशाऱ्याने त्याला तसूतसूने मध्यावर आणतो, कारण जड वाहन एका अंगाला गेले की बोट कलते. मोटारी त्याच्या आजूबाजूला, आणि दुचाकी उरलेल्या सांदीत. ‘हँडब्रेक ओढा’ हे वाक्य तो खलाशी दिवसातून किती वेळा उच्चारीत असेल, आणि मुंबईचे किती शहाणे ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत असतील! सारंगाला वाऱ्याचा व ओढीचा अदमास घेऊन हाच खेळ पलीकडे पुन्हा मांडावयाचा असतो. अशीच बोट आगरदांड्याहून दिघीला राजपुरीच्या खाडीतून जाते. नगरकराने तेथे थोडी मान ताठ ठेवण्यास हरकत नाही. चौल हे आपल्या निजामशाहीचेच बंदर, आणि जंजिऱ्याचा सिद्दीही आरंभी तिचाच चाकर होता.

गोव्याने याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. तेथे नदी परिवहन नावाचे सरकारी खातेच आहे, आणि जुने गोवे ते दिवाडी बेट असा जाणारा पादचारी फेरीबोटीवर चढताना खिशात हात घालीत नाही, जसा तो सडकेवर पाऊल टाकताना घालीत नाही. दिवाडीहून दुसरी बोट नार्व्याला जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडीचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडल्यावर देवालाही हेच पाणी ओलांडावे लागले होते. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ साली करविला.

आपल्या जिल्ह्याला मोटारी वाहणारी बोट नको, तेवढे पाणीही आपल्यापाशी नाही. परंतु मुळेच्या, भंडारदऱ्याच्या आणि नाथसागराच्या पाण्यावर होडी चालते की नाही, चालत असेल तर ती कोणाची, तिच्यात किती माणसे बसावीत, जाकिटे किती आणि ती शेवटची तपासली केव्हा, याची एक नोंदवही प्रत्येक तहसील कचेरीत असावी, आणि वाऱ्याचा इशारा आला की होडी सोडू न देण्याचा अधिकार काठावरच्या एखाद्या माणसाला पगारासह द्यावा. खर्चाचा प्रश्न निघेलच. एका पुलाच्या नुसत्या आराखड्यावर आणि पाहणीच्या दौऱ्यांवर जे खर्ची पडते त्यात अशी माणसे कित्येक वर्षे पोसता येतील, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असल्यास सार्वजनिक बांधकाम खात्याने आकडे प्रसिद्ध करून खोडून काढावा.

— मार्गस्थ