शंभरावे पदक मुलींचे

७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हांगचौच्या मॅटवर भारताच्या मुलींनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात चायनीज तैपेईला २६-२५ असे नमवले आणि आशियाई क्रीडा स्पर्धेत देशाची पदके शंभर झाली. साखळीत याच संघाने आपल्याला ३४-३४ असे बरोबरीत रोखले होते. अंतिम सामना एका गुणाने जिंकायला किती छाती लागते, हे ज्याने एकदा तरी दम धरून चढाई केली आहे त्याला सांगायला नको.

स्पर्धा संपली तेव्हा आकडा १०७ वर होता : २८ सुवर्ण, ३८ रौप्य, ४१ कांस्य. २०१८ मध्ये जाकार्तात आपण ७० वर थांबलो होतो. मराठी मुलखाने या स्पर्धेत भरभरून दिले. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी तिरंदाजीत सोने आणले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जायचा. महार रेजिमेंटमधल्या या जवानाने २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या पार करत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकली. या सर्वांचे कौतुक आहेच, पण आमचे मन अडकले आहे ते त्या २६-२५ मध्ये.

कारण कबड्डी आपली आहे. भातकापणी उरकली की लांजा तालुक्यातल्या वाडी-वाडीत मैदाने तयार होतात. तांबडी माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून बसवायची, चुन्याच्या रेषा मारायच्या, बांबूला हॅलोजन बांधायचे. मुंबईहून चाकरमानी खास रजा टाकून येतात. रात्री दोनलाही पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत मुलीही असतात, पण प्रेक्षकांत.

त्यांना खेळता येत नाही असे कोण म्हणेल? शालेय स्पर्धांचे दिवस आठवा. प्रभानवल्ली, भांबेड, साटवलीकडच्या मुली एसटीने तालुक्याला येतात. गुडघे फुटलेले, वेण्या घट्ट बांधलेल्या. डावा कोपरा सांभाळणारी मुलगी चढाईपटूचा घोटा असा धरते की सुटका नाही. दहावी-बारावी झाली की तिचा खेळ संपतो. वाडीत मुलींचा संघ नाही, सराव संपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते, आणि घरात स्थळे पाहणे सुरू होते.

हांगचौच्या संघाची कर्णधार रितू नेगी हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातली. संघात त्या राज्याच्या आणखीही मुली होत्या. तिकडेही आपल्यासारखेच डोंगर, तशीच दूरदूरची गावे. पण बिलासपूर, धरमशाला इथल्या क्रीडा वसतिगृहांत मुलींना राहणे, खाणे आणि प्रशिक्षक मिळतो. आपल्याकडे गुण नाहीत असे नव्हे. आपली अभिलाषा म्हात्रे २०१४ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात होती. आणि २०१८ मध्ये इराणच्या मुलींनी आपल्याला अंतिम सामन्यात २७-२४ असे हरवले, तेव्हा त्यांना घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपली जाणकार बाई परक्या देशाला सुवर्ण मिळवून देते आणि आपल्या वाडीतली मुलगी बारावीनंतर घरी बसते, हे आम्हाला सहन होत नाही.

म्हणून ग्रामस्थ मंडळांना आणि मुंबईकर मंडळींना आमचे मागणे आहे. देवळाच्या कमानीसाठी, सभामंडपासाठी तुम्ही हात आखडता घेत नाही. यंदा वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढा. चार-पाच गावांनी मिळून एक मॅट घ्या, कारण मोठ्या स्पर्धा आता मातीवर होत नाहीत. सराव शेवटच्या एसटीआधी संपेल अशी वेळ ठेवा. आणि येत्या हंगामाच्या स्पर्धापत्रिकेत पुरुष गटाखाली महिला गटही छापा, बक्षिसाची रक्कम तेवढीच ठेवून. ज्या मंडळांची पत्रिका अशी निघेल, त्यांनी ती आमच्याकडे जरूर पाठवावी. पुढच्या अंकात तिला मानाची जागा देऊ.



— संपादक
लांजा, दिवाळी २०२३