पटावरील धर्मसंघर्ष

युरोपातील जुन्या युद्धांवर बेतलेले पटावरचे खेळ पाश्चात्त्य देशांत आवडीने खेळले जातात. एड बीच यांनी रचलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला ‘हिअर आय स्टँड’ हा त्यांपैकी एक गाजलेला खेळ. धर्मसुधारणेच्या पंचशताब्दीनिमित्त २०१७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. १५१७ ते १५५५ हा त्याचा काळ. ऑटोमन, हॅब्सबर्ग, इंग्लंड, फ्रान्स, पोपसत्ता व प्रोटेस्टंट अशा सहा बाजू त्यात झुंजतात.

या खेळाचा एक गुण आम्ही मान्य करतो. येथे कॅथलिक फ्रान्स मुस्लिम सुलतानाशी हातमिळवणी करू शकतो. राजा पहिला फ्रान्सिस याने प्रत्यक्षात तेच केले होते. धर्माच्या झेंड्याआड सत्तेचे राजकारण कसे चालते, हे खेळणाऱ्यास सहज उमगते.

परंतु याच पटावर वादविवादात दारुण हरलेल्या प्रोटेस्टंट पंडितास जाळता येते आणि त्याबद्दल पोपच्या बाजूस गुण मिळतात. येथे आमचे मन थबकते. सत्याच्या नावाने झालेल्या अशा हिंसेबद्दलच पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी परमेश्वराजवळ क्षमा मागितली. पुढे ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्वीडनमधील लुंड येथे लुथरन बांधवांसमवेत प्रार्थना केली.

असा पट आपल्या घरी आला, तर मुलांना तो जरूर खेळू द्यावा. मात्र पटावरून उचललेल्या त्या सोंगटीमागे एक जिवंत माणूस होता, हे सांगणारे कोणी वडीलधारे शेजारी बसलेले असावे.