वर्ध्याच्या वृद्धांना चालण्याआधी हवे उभे राहण्याचे बळ

वर्धा जिल्हा पायी चालणाऱ्यांचा जिल्हा म्हणून देशाला ठाऊक आहे. १९३६ साली सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, मुक्कामास आलेल्या महात्मा गांधींचे नित्याचे फिरणे साठी उलटल्यावरही सुटले नव्हते. मार्च १९५१ मध्ये पवनारहून हैदराबादच्या दिशेने पायी निघालेले विनोबा भावे तेव्हा ५५ वर्षांचे होते आणि भूदानाच्या निमित्ताने ते १९६४ पर्यंत चालतच राहिले. ‘रोज चालत जा’ हा सल्ला येथील वृद्धांना नवा नाही. डॉक्टर तो देतात, घरची मंडळीही देतात. मात्र ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत आणि ज्यांचा तोल जातो, त्यांना हा सल्ला अपुरा आहे. प्रसंगी धोक्याचाही आहे.

ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पूर्वी हाताचे हाड मोडलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांच्या एका गटास झपझप चालण्यास सांगण्यात आले. या गटात पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा अधिक आढळले. याउलट, २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे दिसले. हा लाभ प्रामुख्याने तोल सावरण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या हालचालींच्या व्यायामाचा होता. नुसत्या चालण्याने पडणे टळते, असा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. खुब्याचे किंवा मनगटाचे हाड बहुधा पडल्यामुळेच मोडते. म्हणून पहिले काम पडणे टाळण्याचे, हाडाची घनता वाढवण्याचे काम त्यानंतरचे.

राबणे आणि व्यायाम

जन्मभर शेतात राबलेल्या बाईला व्यायामाची काय गरज, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत मूलभूत फरक आहे. निंदण, कापसाची वेचणी, झाडलोट, सारवण ही सारी कामे कमरेत वाकून होतात. एकाच दिशेने, तासन्‌तास आणि थकवा आला तरी न थांबता ती चालतात. व्यायामात भार मोजका असतो, तो हळूहळू वाढतो आणि मध्ये विश्रांती असते. शिवाय गुडघे दुखू लागले, नजर अधू झाली, की शेतावर जाणे एकाएकी बंद होते. दिवस खाटेवर जातो, स्नायू झिजतात आणि हाडांवर येणारा ताणही संपतो.

वाकण्याचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी होती. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नव्याने इजा झाली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी त्याचा इशारा आजही मानला जातो. पश्चिमोत्तानासन, उभ्याने पायाची बोटे धरणे, पाठीवर झोपून धड उचलणे हे प्रकार अशा व्यक्तींनी नव्याने सुरू करू नयेत. खालची वस्तू उचलताना पाठ सरळ ठेवून खुब्यात आणि गुडघ्यांत वाकावे. मात्र याचा अर्थ हालचालच सोडून द्यावी, असा नाही. भीतीने बसून राहणे हेही हाडांचे नुकसानच आहे.

क्रम कसा असावा?

पहिली पायरी उठण्याची. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार घेऊन पाच वेळा उठावे-बसावे. ते सहज जमू लागल्यावर दहा वेळा आणि मग हातांच्या आधाराविना. भिंतीला पाठ लावून खांदे मागे दाबणे आणि चौकट धरून टाचा उचलणे, हेही याच पायरीवर करता येते.

दुसरी पायरी तोलाची. आधार हाताशी ठेवून आधी दोन्ही पाय जुळवून उभे राहावे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून आणि शेवटी एका पायावर. जवळ कोणीतरी उभे असावे.

तिसरी पायरी भाराची. अर्धा किलो धान्याची पिशवीही सुरुवातीला पुरते. आठ ते बारा वेळा उचलल्यावर दमायला होईल एवढाच भार घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, आधी आवर्तने, नंतर वजन. हे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. लांब आणि भरभर चालणे याच्या जोडीने वाढवावे.

उड्या किंवा जड वजने हा शेवटचा टप्पा. तो सर्वांसाठी नाही. ऑस्ट्रेलियातील २०१८ च्या चाचणीत, हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास जड व्यायाम केला. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. हे सारे प्रशिक्षकाच्या नजरेखाली झाले होते, हे विसरता कामा नये. पाठीत अचानक कळ आली, उंची कमी झाल्याचे जाणवले किंवा पूर्वी मणका दबला असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे. औषधे, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची जागाही व्यायाम घेत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काय?

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांवर होती आणि राज्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे. पण हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे आहे. खुब्यात सळी पडते, रुग्ण आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील आपल्या गावी परततो आणि पुढच्या महिन्यांतील व्यायामाचा भार कुटुंबावर येतो. मोडलेले हाड पुन्हा मोडू नये, यासाठीचा काळ नेमका हाच असतो.

२०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात याची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, त्यावरच्या ग्रामीण रुग्णालयात पुनर्वसनाची सोय आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष, अशी तिची रचना आहे. या रचनेला बळ देणारी माणसे वर्ध्यात आहेत. १९६९ साली सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय, सावंगी मेघे येथील वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालये याच जिल्ह्यात आहेत. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. याच संस्थेने एके काळी ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन गावांचा आरोग्य विमा चालवला होता.

तेव्हा गरज नव्या इमारतीची नाही. आठवडी तपासणीच्या दिवशी वृद्धाला खुर्चीवरून उठवून पाहणे, त्याची पायरी ठरवणे, ती मराठीत लिहून देणे आणि आशा कार्यकर्तीने पंधरवड्याने पुढची पायरी तपासणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. चालण्याचा वारसा या जिल्ह्याला मिळालेलाच आहे. तो वार्धक्यातही टिकावा, असे वाटत असेल, तर आधी न पडता उभे राहणे शिकवावे लागेल.