लाकूड गेलं, निदान माप तरी...

मागच्या शनिवारी अवसरी खुर्दला घरी होतो. सकाळी बाईक काढली आणि मंचर, नारायणगाव करत लेण्याद्री गाठली. पायऱ्या चढायच्या, गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं आणि उतरायचं, हे आजवर कितीदा केलंय. या वेळी शेजारच्या चैत्यगृहात जरा रेंगाळलो. छताकडे बघा एकदा. कातळातच कोरलेल्या फासळ्या! त्या काहीही पेलत नाहीत. अख्खा डोंगर एकसंध असताना फासळ्या हव्यात कशाला?

कारण कारागिराच्या डोळ्यासमोर लाकडी इमारत होती. भाज्याला तर कातळातले खांबही आत कललेले आहेत. लाकडी छताचा रेटा बाहेर जातो, म्हणून खांब तसे तिरपे रोवत. दगडाला त्याचं काय? आपण जुना कोड कॉपी करताना बिनकामाच्या ओळीही उचलतो ना, तसंच :) पण त्या ओळींमुळेच मूळ प्रोग्राम कसा होता ते आज कळतं. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत छताच्या लाकडी फासळ्या टिकल्यात. उघड्यावरची लाकडी चैत्यगृहं मात्र पार गेली.

नॉर्वेत मध्ययुगात अशी हजारावर लाकडी चर्च असावीत. आज उरलीत २८. चर्चमध्ये गावातली किती माणसं मावली पाहिजेत याचा कायदाच १८५१ साली आला आणि लहान, जुनी चर्च भराभर पाडली गेली. पण जुन्या वास्तूंसाठी १८४४ साली तिथे एक संस्था निघाली होती. तिच्या लोकांनी काही चर्चची पाडण्याआधी मापं आणि चित्रं काढून ठेवली.

आमच्या नात्यातल्या एका गावात देवळाचा सागवानी सभामंडप नुकताच उतरवला. गळत होता, वाळवी लागली होती, जत्रेला माणसं मावत नव्हती. मी कुरकुरलो, तर मामा म्हणाले, "पुण्यात एसीत बसून सांगू नको. पावसात इथं भजनाला बसून दाखव." खरंय त्यांचं. स्लॅबला माझा विरोध नाहीच. राग आहे तो माझ्यावर. इंजिनिअर म्हणवतो, खिशात कॅमेऱ्याचा फोन, आणि त्या मंडपाचा एक धड फोटो माझ्याकडे नाही. खांब किती होते? मामा म्हणतात सोळा, मामी म्हणते बारा. लाकूड तर केव्हाच विकलं गेलं.

शेजारच्या वाडीतला मंडप अजून उभा आहे. उद्या टेप घेऊन जातोय. दुसरं टोक धरायला कुणी येतंय का?