तुकडा कोणाचा घ्यायचा?

मुखकर्करोगाचे निदान लवकर व्हावे म्हणून सूक्ष्मदर्शकाला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड द्यावी काय, यावर दोन टोकांची मते मांडली जातात. पहिले मत असे, की तोंड उघडले की सगळे दिसते; आरसा, उजेड आणि जाणती नजर असताना यंत्राचा खर्च कशाला? दुसरे असे, की यंत्र शिकून तयार झाले की संशयास्पद जागेचा तुकडा काढून तपासण्याची गरजच उरणार नाही. 2020 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 75 हजार माणसे या रोगाने दगावतात, म्हणून दोन्ही मते पारखून घेतली पाहिजेत.

पहिल्या मताला आधार आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये त्यामुळे मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र नजरेला चट्टा दिसतो, पेशी दिसत नाही. गालातले बहुतेक पांढरे चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, थोडे बदलतात. वरून ते सारखेच वाटू शकतात. प्रत्येकाचा तुकडा काढणे शक्य नाही आणि लोक त्याला राजीही होत नाहीत.

दुसरे मत अधिक घातक आहे. यंत्र ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशी पाहते; त्यांचे केंद्रक मोठे, गडद, वेडेवाकडे झाले आहे का, एवढे काचपट्टीवर कळते. त्या पेशींनी खालचे आधारपटल भेदले आहे का, हे तुकड्याच्या उभ्या छेदातच दिसते, आणि कर्करोग त्यावरच ठरतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरूच्या 82 जणांवरील अभ्यासात संगणकी प्रारूपाने कर्करोगाची 93 टक्के प्रकरणे ओळखली. कर्करोगापूर्वीच्या तीव्र बदलांची मात्र 73 टक्केच. लवकर निदानाचा खरा कस जिथे लागतो, तिथेच यंत्र उणे पडले.

यंत्राची जागा म्हणूनच नजर आणि तुकडा यांच्या मधली आहे. हजारो पेशींतून संशयास्पद मोजक्या पेशी ते न थकता वेगळ्या काढते आणि कोणाचा तुकडा आधी घ्यावा हे सुचवते. निदान विकृतिशास्त्रज्ञाचेच. यंत्राला शिकवण मात्र मिश्री लावणाऱ्या, मावा-गुटखा खाणाऱ्या इथल्याच तोंडांच्या काचपट्ट्यांवर मिळायला हवी.

असे काम नाशिकच्या पंचवटीत उभे राहू शकते. मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, दिंडोरी रस्त्याला 1998 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि बाजार समितीच्या आवारात तंबाखू मळणारे हमालही आहेत. तपासणी त्यांच्यापर्यंत गेली पाहिजे. आणि तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर यंत्राचा कौल काहीही असो, तुकडा तपासलाच पाहिजे.