काचेपलीकडचा गप्पी

विष्णुपुरीला पाण्याचं अप्रूप नाही. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे शंकरसागर जलाशय पसरलेला आहे आणि नांदेड शहराची तहान त्याच्यावर भागते. पण याच गावात, विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आसपासच्या एखाद्या खोलीत, टेबलावरच्या दोन फुटी फिश टँकमधलं पन्नासेक लिटर पाणी नव्या डीएसएलआरवाल्याला भारी पडतं.

पहिल्याच संध्याकाळी चाळीस-पन्नास फोटो काढून होतात. एकात मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. दुसऱ्यात कॅमेरा धरणाऱ्याचाच शर्ट आणि मागची खिडकी. तिसऱ्यात मासा निघून गेला आहे, उरली आहे ती पुसट शेपटी. मग महागड्या लेन्सच्या किमती बघायला सुरुवात होते. खरं तर त्या फोटोंमध्ये सुधारण्यासारखं जवळजवळ सगळं कॅमेऱ्याच्या बाहेर असतं. काच, पाणी, खोलीतला दिवा आणि मासा, या चौघांची नीट निगा राखली की सोबत मिळालेली साधी लेन्सही पुष्कळ काही देते.

सुरुवात काचेपासून. मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. टाकीतलं पाणी उडून पातळी खाली गेली की काचेवर क्षारांची पांढरी रेघ उरते. घरच्यांच्या डोळ्यांना ती सवयीनं दिसेनाशी होते. कॅमेरा मात्र ती जशीच्या तशी टिपतो. पातळी थोडी खाली आणून व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं ती रेघ निघते, फक्त थेंब पाण्यात पडू द्यायचा नाही. साबण तर टाकीच्या जवळपासही नको. आतलं शेवाळ चुंबकाच्या घासणीनं काढताना तिच्यात वाळूचा कण अडकला असेल, तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. म्हणून घासणी दर वेळी धुऊन घ्यायची.

नंतर पाणी. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं ही माशांची गरज, आणि नितळ फोटोचीही. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना इजा करतं, त्यामुळे ते पाणी एक दिवस उघडं ठेवायचं किंवा त्यात दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन घालायचं. पाणी बदललं की लगेच फोटो काढायची घाई करू नये. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपानं काचेवर, पानांवर, कधी माशांच्या अंगावरही चिकटते. फोटोत ते बुडबुडे धुळीसारखे दिसतात. दुसऱ्या दिवशी, खाणं घालण्याआधी टाकी सगळ्यात स्वच्छ असते.

आता खोली. रात्रीची वेळ, पडदे ओढलेले, खोलीतले दिवे बंद, चालू फक्त टाकीवरचा. अंगात काळा किंवा गडद शर्ट. लेन्सच्या तोंडाशी रबरी हूड लावून तो काचेला हलकेच टेकवला, की प्रतिबिंबाला जागाच उरत नाही. हूड नसेल तर मधे भोक पाडलेलं काळं कापड चालतं.

कॅमेरा मात्र काचेसमोर सरळ हवा, तिरका नको. यामागे शाळेच्या विज्ञानात शिकवलेलं अपवर्तन आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे काचेपासून बारा इंच आत असलेला मासा नऊ इंचांवर दिसतो आणि लेन्सही तिथेच फोकस धरते. सरळ पाहिलं तर एवढ्यावर भागतं. तिरकं पाहिलं की वेगवेगळ्या रंगांचे किरण कमी-अधिक वाकतात, खवल्यांच्या कडांना रंगीत झालर येते आणि फोकस किती अचूक असला तरी मासा पुसटच राहतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या आठवड्यात हमखास अडवते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बहुतेक १८-५५ लेन्स साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं काही टिपू शकत नाहीत. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजायचं नसतं, ते कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून असतं. मासा काचेला अगदी चिकटला तर हूड काचेवरून काढून थोडं मागे सरकावं लागतं.

सगळ्यात मोठी टंचाई प्रकाशाची. १८९३ साली फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुतां यांनी समुद्राखाली फोटो काढले, तेव्हा एकेका फोटोला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागत असे. घरातल्या माशाला सेकंदाचा दोनशेवा भागसुद्धा कधी कधी जास्त होतो. शटर इतकं जलद ठेवायचं, एक डोळा तरी स्पष्ट यावा म्हणून अॅपर्चर एफ/८ च्या आसपास न्यायचं, तर टाकीवरचा एलईडी पुरत नाही. आयएसओ १६०० किंवा ३२०० वर जातं आणि फोटोत दाणे दिसू लागतात. सुरुवातीला ते चालवून घ्यावं. दाणेदार पण स्पष्ट फोटोवरून पुढे शिकता येतं, हललेल्या फोटोवरून फारसं नाही.

स्वस्त एलईडी आणखी एक कोडं घालतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण जलद शटरमध्ये फोटोवर काळसर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० वर आणलं की ते जातात. अर्थात तिथे झेब्रा डॅनिओसारखा चपळ मासा हललेलाच येतो.

यावर उपाय म्हणजे वेगळा फ्लॅश. तो कॅमेऱ्यावर न लावता टाकीच्या काचेच्या झाकणावर खाली तोंड करून ठेवायचा, मधे पातळ पांढरा कागद घालायचा आणि ट्रिगरनं उडवायचा. फ्लॅशचा झोत साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, कमी ताकदीवर त्याहूनही कमी काळ टिकतो, त्यामुळे हालचाल जागच्या जागी गोठते. फ्लॅश पाण्यात पडणार नाही अशा रीतीनं घट्ट बसवणं हे यातलं पहिलं काम. माशांना पापण्या नसतात. म्हणून काळोखात अचानक फ्लॅश उडवू नये. टाकीचा दिवा पंधरा-वीस मिनिटं आधी लावून त्यांना उजेडाला सरावू द्यावं. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२ अंशांवर गेला की कोमट पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करतात. त्या दिवशी कॅमेरा कपाटात ठेवून हवेचा पंप चालू करावा.

शिकायला मॉडेल कोणता घ्यावा? निऑन टेट्राचा निळा पट्टा मोह घालतो, पण तो निळा रंगद्रव्याचा नाही. त्वचेच्या पेशींमधल्या ग्वानिनच्या सूक्ष्म पापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो रंग आहे. दिव्याचा कोन बदलला की निळ्याची छटा बदलते. नवख्याला हे अवघड जातं. त्यापेक्षा गप्पी बरा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं गावोगावच्या पाणवठ्यांत सोडतं तोच हा गप्पी. नर जेमतेम तीन सेंटिमीटरचा, पण शेपटीवर दर नराची नक्षी वेगळी.

गप्पीचं एक वागणं ठाऊक असलं की त्याच्यामागे कॅमेरा पळवावा लागत नाही. मादीपुढे आला की नर थबकतो, शेपटी पूर्ण पसरतो आणि सगळं अंग वळवून थरथरतो. काही क्षणांचा हा खेळ दिवसातून कितीतरी वेळा होतो. म्हणून फोकस मादीच्या जवळच्या एखाद्या पानावर आधीच धरून ठेवायचा, हूड काचेला टेकवायचा, बोट शटरवर ठेवायचं. खोलीत अंधार असतो, फिल्टर पाच मिनिटांपुरता बंद केलेला असतो आणि तो परत चालू करायची आठवण मोबाइलच्या गजरात लावलेली असते. मादी वळते, नर तिच्यासमोर येतो आणि शेपटी उघडू लागते.